डीएमच्या खुर्चीत पहिल्यांदा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सोडून बाकी सगळे आपापलं एक पात्र खेळतात: योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. उरलेला एक जण, म्हणजे डंजन मास्टर किंवा सगळे म्हणतात तसा डीएम, बाकीचं सगळं जग सांभाळतो. या डीएमच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसणाऱ्यांची पत्रं सध्या बरीच येताहेत. बहुतेकांना धास्ती असते ती नियमांची. आमच्या मते नियम न आल्यामुळे पहिलं सेशन क्वचितच फसतं. नको ती तयारी नको तितकी केली, की ते हमखास फसतं.

सगळी पुस्तकं महाग आहेत. काहीच न घेता सुरुवात होईल का? — वाचक, पुणे

होईल. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी’ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो. वंश, वर्ग, मंत्र, लढाई, शंभराहून जास्त राक्षस, एवढं सगळं त्यात आहे. पहिल्या पाच-सहा सेशनना त्यापलीकडे काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाका. पाचव्या आवृत्तीचे नियम दोन रूपांत फिरताहेत, एक २०१४ चे आणि दुसरे २०२४ पासून आलेले सुधारित. दोन्ही चांगले आहेत, पण एकाच टेबलावर दोन्ही आले तर ‘स्लीप’ मंत्रापासून अचानक हल्ल्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद होतो. एक निवडा आणि सगळ्यांना सांगा. या सदरातले आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण जुनी तयार साहसं त्याच हिशेबाने लिहिलेली आहेत.

सात फाशांचा संच प्रत्येकाकडे असेल तर उत्तम, नसेल तर चौघांत दोन संच पुरतात. वीस बाजूंचे फासे मात्र दोन-तीन जास्त ठेवा. खेळाडू चार असावेत. सहा जण उत्साहाने ‘आम्हीपण’ म्हणतील, पण पहिल्याच खेपेला सहा जणांना सांभाळायला जाऊ नका. आपली पाळी यायला वीस मिनिटं लागली की माणूस मोबाइल काढतो. पात्रं पहिल्या पातळीची आणि तयार असलेलीच द्या. पात्र बनवायला नवख्याला सहज दीड तास लागतो आणि तेवढ्यात पहिली संध्याकाळ संपते.

वाचायचं काय? गुणांच्या चाचण्या, लढाईत एका पाळीत काय काय करता येतं, आणि शेवटची ‘कंडिशन्स’ची, म्हणजे आंधळं होणं, बेशुद्ध पडणं अशा पात्राच्या अवस्थांची यादी. मंत्रांचं प्रकरण वाचू नका. ज्याचं पात्र जादूगार आहे त्याने आपले मंत्र स्वतः वाचून यायचं, हे त्याला बजावून ठेवा.

मी वीस पानी कथा लिहून ठेवली आहे. खलनायकाचा भूतकाळ, तीन राज्यांचं राजकारण, सगळं तयार आहे. अजून काय लिहू? — वाचक, नाशिक

खरं सांगायचं तर त्यातली अठरा पानं बाजूला ठेवा. कथा लिहिली की ती पुढे सरकावी असं वाटतं, आणि खेळाडूंनी वाट सोडली की तुम्ही नकळत त्यांना ओढून परत आणता. पूल कोसळतो, दार उघडत नाही, पहारेकरी ऐकत नाही. खेळाडूंना हे दहा मिनिटांत कळतं. ‘रेलरोडिंग’ म्हणतात ते हेच.

त्यापेक्षा परिस्थिती लिहा. एका ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढीच. नमुना म्हणून हे घ्या:

नदीकाठचं गाव. पलीकडे जायला तराफ्याशिवाय सोय नाही. दोन रात्रींपूर्वी तराफा गेला आणि त्यावरचा म्हातारा तरीवालाही गेला. पलीकडच्या पडक्या बुरुजात सहा गॉब्लिन, म्हणजे बुटके लुटारू राक्षस, आहेत. त्यांना माणसं नकोत, तराफा हवा आहे, कारण जंगलातला एक ऑगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, त्यांच्या मागावर आहे आणि त्यांना नदीवाटे पळून जायचं आहे. तराफा कसा हाकायचा ते कळत नाही, म्हणून म्हाताऱ्याला जिवंत ठेवलाय. कोणी मध्ये पडलं नाही तर: उद्या रात्री गॉब्लिन गावातून वल्ही आणि दोर चोरतील, परवा ऑगर बुरुजापाशी पोचेल आणि त्यानंतर गावाकडे वळेल.

एवढंच. आता खेळाडू बुरुजावर चालून जाऊ शकतात, रात्री गुपचूप म्हाताऱ्याला सोडवू शकतात, गॉब्लिनांशी सौदा करून ऑगरविरुद्ध त्यांनाच बरोबर घेऊ शकतात, नाहीतर तराफा देऊन टाका म्हणून गावालाच समजावू शकतात. यातलं एकही तुम्हाला लिहून ठेवावं लागत नाही, कारण कोणाला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे. पाचवी युक्ती निघाली, आणि ती निघतेच, तरी गॉब्लिन काय करतील हे तुम्ही दोन सेकंदांत सांगू शकता.

कागदावर अजून तीन गोष्टी हव्यात. पहिली, बुरुजाकडे बोट दाखवणाऱ्या किमान तीन खुणा, तीन वेगळ्या ठिकाणी: घाटावर बाकदार पात्याने कापलेला दोर, पिठाच्या गिरणीत उमटलेली लहान ओली पावलं, आणि रात्री पलीकडे दिवा पाहिलेला, पण आई रागावेल म्हणून गप्प बसलेला एक पोरगा. तीन का? कारण एक खूण खेळाडू बघत नाहीत आणि दुसरीचा भलताच अर्थ लावतात. दुसरी गोष्ट, सहा-सात नावं, नुसतीच. खेळाडू ‘या लोहाराचं नाव काय?’ विचारतात तेव्हा डीएम अडखळला की तो लोहार बिनमहत्त्वाचा आहे हे सगळ्यांना समजतं. तिसरी, गॉब्लिन आणि ऑगर यांचे आकडे त्याच कागदावर उतरवलेले. ऐन लढाईत पानं उलटत बसण्यासारखा रसभंग दुसरा नाही.

तीन राज्यांचं राजकारण ठेवा जपून. दहाव्या सेशनला कोणीतरी विचारेलच.

पहिल्याच लढाईत चारही पात्रं आडवी झाली. राक्षस फक्त चार गॉब्लिन होते, तेही पुस्तकातच दिलेले. चूक कुठे झाली? — वाचक, कोल्हापूर

तुमच्या वर्णनावरून हे २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं, म्हणजे नवख्यांसाठीच्या पेटीतल्या तयार साहसातलं, पहिलंच दृश्य दिसतंय. वाटेत दोन मेलेले घोडे, आजूबाजूच्या झाडीत चार गॉब्लिन. हे दृश्य आजवर अनेक नवख्या डीएमना भोवलंय आणि का भोवतं ते आकड्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून जरा सविस्तर पाहू.

गॉब्लिनचा आर्मर क्लास (त्याला लागायला हल्ल्याच्या फाशाने गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (शून्यावर आले की तो कोसळतो) ७, हल्ल्याच्या फाशात अधिक ४, इजा सहाबाजूचा एक फासा अधिक २. एकेकट्याने पाहिलं तर किरकोळ. प्रत्येकाचे अनुभवगुण ५०, चौघांचे २००. पण तीन ते सहा शत्रू असतील तर अवघडपणा मोजताना ती बेरीज दुप्पट धरायची, म्हणजे ४००. पहिल्या पातळीच्या एका पात्रासाठी ‘प्राणघातक’ लढाईची मर्यादा १०० आहे. चार पात्रं म्हणजे ४००. तुमच्या टेबलावर चारच खेळाडू होते, तेव्हा पहिलीच लढाई नेमकी प्राणघातक रेषेवर बसली. पाच असते तर ती रेषा ५०० वर गेली असती आणि हीच लढाई ‘कठीण’ गटात पडली असती. त्या सेटमध्ये तयार पात्रंही पाचच आहेत.

त्यावर लपून केलेला हल्ला. गॉब्लिनला लपायला अधिक ६ मिळतात, त्यामुळे पात्रं बहुधा बेसावध सापडतात आणि पहिल्या फेरीत त्यांना काहीच करता येत नाही. इनिशिएटिव्हही, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवायला लढाईच्या सुरुवातीला टाकलेला फासा, गॉब्लिनांनी जिंकला असेल, तर दुसऱ्या फेरीतही तेच आधी हल्ला करतात आणि तुमच्या लोकांचा पहिला हात उठण्याआधी आठ हल्ले होऊन जातात. निम्मे लागले तरी वीस-बावीस हिट पॉइंट गेले. पहिल्या पातळीच्या चौघांचे मिळून असतात चाळीसच्या आसपास. त्यात जादूगाराचे आठ.

उपाय सोपे आहेत. चाराऐवजी तीन गॉब्लिन ठेवा. किंवा चारही ठेवा, पण दोघांनाच पुढे येऊ द्या आणि उरलेल्या दोघांना तिसऱ्या फेरीत झाडीतून बाहेर काढा. सगळे बाण एकाच पात्रावर सोडू नका. गॉब्लिन भित्रे आणि लोभी असतात, ते जवळ असेल त्याला मारतात, नाहीतर घोड्यांवरच्या पिशव्या उचकायला लागतात. दोघे पडले की बाकीचे पळतात. जादूगाराकडे ‘स्लीप’ असेल आणि त्याला सुचत नसेल, तर ‘तुझ्याकडे एक मंत्र आहे, आठवतंय का?’ एवढं विचारायला हरकत नाही. २०१४ च्या नियमांत तो मंत्र आठबाजूचे पाच फासे टाकतो, सरासरी बावीसच्या वर. सात-सात हिट पॉइंटांचे तीन गॉब्लिन त्यात जागीच झोपतात.

आणि हरले तरी खेळ संपत नाही. त्याच दृश्यात पुढे लिहिलंय की गॉब्लिन जिंकले तर पात्रांना बेशुद्ध सोडून, लुटून, आपल्या गुहेकडे निघून जातात. बहुतेक जण हे वाक्य वाचत नाहीत आणि ‘सगळे मेले’ म्हणून वही मिटतात. शुद्धीवर आलेली, खिसे रिकामे झालेली, चिडलेली चार पात्रं यापेक्षा चांगली सुरुवात क्वचित मिळते.

स्वतः लढाई रचणार असाल तर शत्रूच्या बळापेक्षा एका फेरीत किती हल्ले होतात ते आधी मोजा. पाळ्यांची संख्या ज्याच्याकडे जास्त तो जिंकतो. म्हणूनच एकटा मोठा राक्षस कागदावर भयंकर दिसतो आणि चौघे मिळून त्याला दोन फेऱ्यांत संपवतात. याला अपवाद पहिली पातळी. तिथे मोठा राक्षस एका फटक्यात माणूस आडवा करतो, त्यामुळे वरच्या नमुन्यातला ऑगर पहिल्या पातळीला समोरासमोर आणू नका. त्याच्यापासून पळायचं, त्याला खड्ड्यात पाडायचं किंवा गॉब्लिनांच्या मदतीने जेरीस आणायचं. तिसऱ्या पातळीला मग खुशाल लढा. २०२४ च्या नियमांत ती दुपटीची भानगड काढून टाकलीय, बेरीज सरळ होते. पण तिथेही पहिल्या पातळीला शत्रूंची संख्या पात्रांपेक्षा जास्त ठेवू नये.

एक लढाई दीड तास चालते. खेळाडू जांभया देतात. — वाचक, इंदूर

खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असते, आणि टेबलावर ती वीस मिनिटांची होते. वेळ कुठे जातो ते पाहा: कोणाची पाळी ते शोधण्यात, फाशांची बेरीज करण्यात आणि ‘मी काय करू?’ या विचारात.

पहिल्यासाठी कागदाच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक पात्राचं नाव एका चिठ्ठीवर, दोन्ही बाजूंना, आणि चिठ्ठ्या डीएमच्या पडद्यावर, म्हणजे त्याचे कागद-फासे झाकणाऱ्या उभ्या पुठ्ठ्यावर, क्रमाने अडकवलेल्या. सगळ्यांना क्रम दिसतो. एकाच जातीचे राक्षस एकाच आकड्यावर खेळवा. सहा गॉब्लिनांचे सहा इनिशिएटिव्ह टाकणं हा निव्वळ छळ आहे. दुसऱ्यासाठी, हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाकायची सवय लावा, आणि राक्षसांची इजा टाकूच नका. प्रत्येक राक्षसाच्या माहितीत सरासरी छापलेली असते, गॉब्लिनची ५, ती वापरा. तिसऱ्यासाठी, पाळी जाहीर करताना पुढच्याचंही नाव घ्या: ‘आता योद्धा, त्यानंतर पुजारी, तयार राहा.’ तरीही कोणी अडलं तर त्याचं पात्र बचावाच्या पवित्र्यात उभं राहतं आणि खेळ पुढे जातो. हे एकदा केलं की पुन्हा क्वचितच करावं लागतं.

शेवटच्या गॉब्लिनचे तीन हिट पॉइंट उरलेत आणि निकाल सगळ्यांना दिसतोय, तर लढाई तिथेच थांबवा. तो शरण येतो, किंवा पळतो, किंवा ‘त्याचं तुम्ही काय करता ते सांगा’ म्हणून मोकळे व्हा.

फासे नक्की कधी टाकायला लावायचे? माझे खेळाडू दर दोन मिनिटांनी ‘परसेप्शन (काही दिसतंय-ऐकू येतंय का त्याचा फासा) टाकू का?’ विचारतात. — वाचक, ठाणे

तीन गोष्टी एकदम असतील तेव्हाच: काम जमू शकतं, फसू शकतं, आणि फसलं तर काहीतरी वेगळं घडतं. कुलूप उघडायला वेळच वेळ आहे, मागे कोणी नाही, तर चोर ते उघडतो, फासा नाही. पहारेकऱ्याची पावलं जवळ येताहेत, तर टाका.

अवघडपणाचा आकडा, म्हणजे डीसी, ठरवायला फार डोकं लावू नका. सोपं १०, मध्यम १५, कठीण २०. पहिल्या महिन्यात एवढे तीनच वापरा, आणि शंका आली की १०. नवखे डीएम सगळीकडे १५ लावतात आणि मग पात्रं अजागळ दिसतात. ज्याला त्या कामात अधिक ५ आहेत त्यालाही १५ ला ५५ टक्केच संधी असते. ज्याला काहीच अधिक नाही त्याला ३० टक्के.

दोन सापळे इथे लक्षात ठेवा. एकाच कामासाठी पुन्हापुन्हा फासे मागू नका. भिंत चढताना ‘खाली एकदा, मध्ये एकदा, वर एकदा’ असं तीनदा टाकायला लावलं, की ५५ टक्क्यांचे १७ होतात आणि खेळाडूला वाटतं आपलं नशीबच फुटकं. दुसरा, चौघांनी मिळून लपत जाणं. प्रत्येकाला यश मिळायलाच हवं असं ठेवलंत, तर ५५ टक्केवाल्या चौघांची एकत्र शक्यता जेमतेम ९ टक्के उरते. नियमांत यासाठी गटचाचणीची सोय आहे: निम्मे किंवा जास्त यशस्वी, तर सगळा गट यशस्वी. त्याच चौघांची संधी मग ७६ टक्के होते. पुस्तकात हा परिच्छेद एवढासा आहे, म्हणून तो नजरेतून निसटतो.

पुढे जायला जी माहिती लागणारच आहे ती फाशामागे कधीच दडवू नका. गिरणीत कोणी शोधलं तर ओली पावलं दिसतात, संपलं. फासा टाकायचाच असेल तर जास्तीच्या तपशिलासाठी टाका: पावलं किती जणांची, किती तासांपूर्वीची.

आणि हो, वीस पडलं म्हणजे वाट्टेल ते होत नाही. वीस म्हणजे हमखास यश हा नियम हल्ल्याचा आहे. राजाकडे राज्य मागून वीस टाकलं, तर राजा त्याला विनोद समजून हसतो आणि मान उडवत नाही, हेच ते यश.

एक मित्र सगळं स्वतःच करतो, एक मैत्रीण तीन तासांत चार वाक्यं बोलते. शिवाय एकाचं पात्र सोबत्यांच्याच पिशव्या कापतं, वर म्हणतो, ‘माझं पात्रच तसं आहे.’ — वाचक, डोंबिवली

गप्प बसणाऱ्याला ‘तू काय करतेस?’ असा मोकळा प्रश्न टाकला की दडपण येतं. नेमकं विचारा, पात्राच्या नावाने, आणि उत्तर सोपं असेल असं: ‘दाराशी तू आहेस, आतून दोन आवाज येताहेत. ऐकत थांबतेस की ढकलतेस?’ जास्त बोलणाऱ्याला थांबवायची गरज पडत नाही. तो बोलून झाला की लगेच दुसऱ्याकडे वळायचं. काही जणांना बघत बसणंच आवडतं, हेही ध्यानात असू द्या.

पिशव्या कापणाऱ्याला मात्र खेळाबाहेर, सरळ सांगा. पात्रांनी एकमेकांची चोरी करायची नाही, हा टेबलाचा नियम. खेळातच राजाचे शिपाई पाठवून त्याला धडा शिकवायला गेलात, तर त्याला हवं तेच मिळालं: सगळं सेशन त्याच्याभोवती फिरलं.

‘सेशन झीरो’ खरंच लागतं का? आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत. — वाचक, नागपूर

सेशन झीरो म्हणजे पहिल्या खेळाआधी सगळ्यांनी बसून काय हवं-नको ते ठरवायची बैठक. अर्धा तास पुरतो, पण घ्या. जुन्या मित्रांतही एकाला भीषण युद्धकथा हवी असते आणि दुसऱ्याला निव्वळ टिंगलटवाळी. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कोणी आलं नाही तर त्याचं पात्र कुठे जातं, पात्र मेलं तर पुढे काय, आणि कोणते विषय टेबलावर आणायचे नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर द्यायला कोणाला अवघड वाटेल, म्हणून प्रत्येकाने तुम्हाला वेगळं कळवलं तरी चालेल. जॉन स्टाव्रोपूलोस यांनी रूढ केलेलं एक्स-कार्डही सोपं आहे: टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड, कोणी त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच गुंडाळायचा, कारण विचारायचं नाही.

आम्ही परदेशात, चौघे चार शहरांत, ऑनलाइन खेळतो. टेबलावर मराठी चालेल का? सगळे शब्द तर इंग्रजी आहेत. — वाचक, न्यू जर्सी

न चालायला काय झालं? शीटवरचे शब्द आहेत तसे राहू द्या. ‘डेक्स्टेरिटी सेव्ह टाक’ हे पुण्यातल्या टेबलावरही असंच म्हणतात. वर्णन आणि संवाद मराठीत घ्या, तिथे फायदाच आहे. सराईवाला ‘या, बसा, काय आणू?’ म्हणाला, वेशीवरचा शिपाई ‘ए, कुठं चाललास?’ म्हणाला, आणि उमरावाने ‘आपलं येणं कसं झालं?’ विचारलं, की तिघांचं वजन खेळाडूंना आपोआप कळतं. आवाज बदलायची कसरत नको. एखादं लकबदार वाक्य तेवढं ठरवून ठेवा.

ऑनलाइनची खरी अडचण वेगळी: सगळे एकदम बोलतात आणि मग सगळे एकदम गप्प होतात. नाव घेऊन बोलावणं तिथे दुपटीने करावं लागतं. सेशन अडीच तासांवर नेऊ नका. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये धुकं, दिवे, भिंती रचण्यात रात्री घालवू नका. पहिल्या तीन सेशनना एक चित्र आणि सगळ्यांना दिसणारे फासे पुरेत.

मला सह्याद्रीतल्या गडांवर बेतलेलं जग करायचं आहे. पहिल्याच खेपेला झेपेल? — वाचक, सातारा

जग नाही झेपणार, गड झेपेल. तयार साहसातले आकडे तसेच ठेवून नुसतं रूप बदला: गॉब्लिनांचे कातळात राहणारे बुटके लुटारू करा, लांडग्यांची तरसं. आर्मर क्लास, हिट पॉइंट, हल्ला, सगळं तेच. नवे नियम, नवे वर्ग, नवे मंत्र सहा महिने तरी नकोत.

नकाशासाठी मात्र गडासारखं दुसरं काही नाही. नवखे डीएम भुयार काढतात ते एका ओळीत: खोली, दार, खोली, दार. राजगडाची रचना पाहा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधोमध उंच बालेकिल्ला. वर यायला पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, संजीवनीकडचा अळू दरवाजा, शिवाय चोरदरवाजा. खेळाडूंना पहिल्याच मिनिटाला खरी निवड मिळते. रुंद वाटेने उजळमाथ्याने जायचं की रात्री कडा चढून चोरदरवाजा गाठायचा? एका माचीवर गलका झाला, तर दुसरीवरच्या पहाऱ्याला तो किती वेळात ऐकू जाईल? पाण्याचं टाकं कोणाच्या ताब्यात आहे? एवढ्या तीन प्रश्नांवर दोन सेशन निघतात. नावं बदला, इतिहासातल्या थोर व्यक्तींना पात्रं म्हणून आणू नका. त्यांच्या तोंडी शब्द घालताना तुम्हीही अवघडाल आणि खेळाडूही.

पडद्यामागे फासे खोटे सांगावेत का? जादूगार मरू नये म्हणून मी एकदा १९ चे ९ केले. — वाचक, छत्रपती संभाजीनगर

यावर डीएम लोकांत दोन तट आहेत. आम्ही ‘नको’वाले. खोटं बोललात हे खेळाडूंना कळतं. तुमचा चेहरा, तो अर्धा सेकंदाचा विराम. त्यानंतर त्यांचा प्रत्येक विजयही तुम्ही बहाल केलेला वाटायला लागतो. लढाईतले फासे पडद्याबाहेर, सगळ्यांसमोर टाका. जो निकाल तुम्हाला चालणार नाही, त्यासाठी फासाच उचलू नका.

तुमच्या हातात बाकी पुष्कळ आहे. शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. ते दर पाळीला वीसबाजूचा फासा टाकतं, १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन यशांवर स्थिर, तीन अपयशांवर मृत्यू. तेवढ्यात सोबत्यांना धावून जाता येतं. राक्षस पडलेल्याला सोडून उभ्या असलेल्याकडे वळू शकतो. बहुतेक प्राणी तसंच करतील.

फक्त पहिल्या पातळीवरचा एक नियम आधी समजून घ्या. शून्यावर आणल्यानंतर उरलेली इजा पात्राच्या पूर्ण हिट पॉइंटांइतकी किंवा जास्त भरली, तर ते जागीच मरतं, पुढचे फासे नाहीत. आठ हिट पॉइंटांच्या जादूगाराला एका फटक्यात सोळा बसले की खलास. ऑगरच्या गदेची इजा आठबाजूचे दोन फासे अधिक ४. लागलेल्या दर चार फटक्यांतला जवळपास एक सोळा किंवा त्याहून जास्त भरतो. तेव्हा ऑगर जादूगारापाशी पोचलाच, तर गदा चालवण्याऐवजी त्याला मानगूट धरून उचलू द्या. मग बाकीच्यांनी काय करायचं ते ठरवायला त्यांच्याकडे एक फेरी असते.